उत्तर दिशा थरथरली त्या दिवशी

एका जंगलात, मुलांनो, उत्तर दिशा सरकारी होती.

हसू नका. आपल्याकडे कसं, कोणीही उठावं आणि बोट दाखवून म्हणावं, ही उत्तर. त्या जंगलात तसं चालत नसे. राजाच्या गुहेपुढे एक काळा कातळ होता. त्याच्यावर रोज सकाळी एक कबुतरीण येऊन बसायची. डोळे मिटायची, मान जराशी इकडे-तिकडे करायची, मग चोच एका बाजूला रोखून म्हणायची, "ही उत्तर." झालं. त्या दिवसापुरती तीच उत्तर. बाकीच्यांनी आपापली उत्तर घरी ठेवायची.

ह्या कबुतरिणीचं नाव आवडाबाई. हुद्दा दिशाधिकारी.

आता तुम्ही विचाराल, जंगलाला रोज उठून उत्तर दिशा लागते कशाला? चांगला प्रश्न आहे. तो विचारल्याबद्दल तिथे एका सशाला तंबी मिळाली होती. कारण असं, की सिंहमहाराजांच्या घराण्यात दक्षिणेकडे तोंड करून बसणं वर्ज्य होतं. राजाचं तोंड उत्तरेलाच हवं. आणि सिंहासन म्हणजे काय, तर ओंडक्यांवर ठेवलेली एक शिळा. रात्रीतून उंदीर खालची माती उकरायचे, शिळा थोडीशी फिरायची. म्हणून रोज सकाळी आवडाबाईंनी चोच रोखायची आणि गुणाजी गाढवाने शिळेला दोर लावून ती तिकडे ओढायची.

ओढताना गुणाजी एकदा ओरडायचा. जोर लावायला. त्या ओरडण्याने अख्खं जंगल जागं व्हायचं. जागं झालेल्यांपैकी एकानेही आजवर गुणाजीला कधी शाबास म्हटलं नव्हतं. "बंद कर रे!" म्हणणारे मात्र झाडाझाडावर होते.

आवडाबाईंची लेक शेवंता त्यांतलीच.

"आई, त्या गुणाजीकाकांना सांग ना जरा हळू ओरडायला. अंड्यात होते तेव्हापासून माझी झोपमोड चाललीय."

"अगं, तुझ्या झोपेसाठी महाराजांना तिरकं बसवू का?" आवडाबाई म्हणायच्या, आणि पंखाने तिला घरट्याबाहेर ढकलायच्या.

आता आवडाबाईंना उत्तर कळायची कशी? त्यात जादू नाही. पृथ्वीच्या पोटात मोठं लोहचुंबक असावं तशी एक ओढ असते. ती ओढ जमिनीतून निघते, आभाळात खूप उंचावर जाते आणि पृथ्वीला सगळीकडून वेढून बसते. आपल्याला ती जाणवत नाही, कारण आपली डोकी जाड. कबुतराचं डोकं हलकं असतं, त्याला ती लागते. अंधारातसुद्धा तुम्हाला घरातला माठ बरोबर सापडतो ना? तसंच.

आणि आवडाबाईंना ती ओढ इतर कबुतरांपेक्षा जरा जास्तच लागायची. म्हणून तर त्या कातळावर होत्या.

*

त्या थंडीत महाराजांचा वाढदिवस आला.

वाढदिवस म्हटला की त्या जंगलात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे महाराजांचा सत्कार. सत्काराचा तिथे एक नियम फार कडक होता. सत्कारमूर्ती बोलायला उभी राहिली, की तिचं बोलून होईपर्यंत कोणी उठायचं नाही आणि कोणी तिला थांबवायचं नाही. खुद्द महाराजांनीसुद्धा नाही. हा नियम महाराजांनीच केलेला होता, कारण सत्कार दर वेळी त्यांचाच व्हायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे कबुतरांची शर्यत. तरुण कबुतरांना झाकलेल्या टोपल्यांत घालून हत्तीच्या पाठीवरून लांब नेत. नद्या ओलांडून, डोंगर ओलांडून, पार पलीकडच्या पठारावर. वाढदिवसाच्या सकाळी तिथे टोपल्या उघडायच्या. जे कबूतर सगळ्यांत आधी काळ्या कातळावर उतरेल, त्याने महाराजांच्या आयाळीत फूल खोचायचं.

यंदा शेवंता पहिल्यांदाच निघाली होती. टोपलीत बसतानाही तिचं तोंड बंद नव्हतं. "आई, फूल कुठलं खोचू? झेंडू की शेवंती?"

"आधी घरी ये," आवडाबाई म्हणाल्या. हत्ती दिसेनासा होईपर्यंत त्या फांदीवर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावरचा हंस त्यांना भेटायला आला. हा हंस फार लांबचा, थेट उत्तरेकडचा. थंडीपुरता पाहुणा यायचा. आवडाबाई त्याला भाऊ म्हणायच्या.

"आवडाताई, जरा वर या," हंस म्हणाला. "सूर्य बघा."

पातळ धुक्यातून सूर्य वर येत होता. तांब्याच्या ताटासारखा लालभडक, अजिबात न चमकणारा. त्या ताटावर काळे डाग पडले होते.

(तुम्ही सूर्याकडे असं बघायचं नाही हं. हंस बघतो म्हणून आपण बघायचं नसतं. हंस गोष्टीतला आहे, तुमचे डोळे खरे आहेत.)

"मागे असे डाग दिसले होते," हंस म्हणाला, "तेव्हा पाठोपाठ आमच्याकडे आभाळातून हिरवे-तांबडे पडदे लोंबायला लागले. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! सगळे माना वर करून बघत बसलो. आणि नंतर आमचा थवा, जन्मभर एकाच वाटेने येणारा, भलत्याच तळ्यावर उतरला. काही जण उतरलेच नाहीत."

आवडाबाईंनी हत्ती गेला त्या वाटेकडे पाहिलं.

मुलांनो, इथे जरा नीट ऐका. चुळबुळ नंतर करा. सूर्य आपल्याला नुसतं ऊन देतो असं तुम्हाला वाटतं. पण त्याच्या अंगातून एक वाराही सतत सुटलेला असतो. हा वारा पानं हलवत नाही, पतंग उडवत नाही. विजेने भारलेल्या बारीक बारीक कणांचा तो वारा. तो रात्रंदिवस पृथ्वीच्या अंगावर येत असतो. मग आपल्याला लागत कसा नाही? तर ती लोहचुंबकाची ओढ सांगितली ना, तिची पृथ्वीभोवती कनात ताणलेली असते. वारा कनातीवर आपटतो आणि बाजूने निघून जातो. आपण खाली मजेत चिंचा खात बसतो.

पण कधीतरी सूर्य शिंकतो. ते डाग असतात ना, तिथूनच बहुतेक. आणि मग साध्या वाऱ्याऐवजी एक भलामोठा झोत सुटतो. सूर्य लांब असल्यामुळे झोताला इथे पोचायला एक-दोन दिवस लागतात, कधी आणखी जास्त. तो येऊन थडकला की सगळी कनात फडफडते. कनात फडफडली की ती ओढ थरथरते. आणि ती ओढ थरथरली, की जिला ती लागते तिने काय करायचं?

"म्हणजे कनात फाटणार, भाऊ?" आवडाबाईंनी विचारलं.

"तेच तर सांगता येत नाही," हंस म्हणाला. "त्या झोताच्या अंगातही स्वतःचा चुंबकपणा असतो. तो आपल्या कनातीशी सरळ जुळला, तर कनात टिकते. उलटा आला, तर शिवण उसवते आणि वारा आत घुसतो. सरळ आलाय की उलटा, ते तो दाराशी येईपर्यंत कळत नाही. आणि नेम चुकला तर आपल्या अंगावर येणारही नाही."

आवडाबाई तशाच दरबाराकडे उडाल्या.

*

दरबारात वाढदिवसाची तयारी चालली होती. केळीच्या मोठमोठ्या पानांवर महाराजांचं चित्र काढून ती पानं झाडाझाडाला टांगत होते. चित्राखाली शुभेच्छुक म्हणून प्रधान कोल्होबांचं चित्र होतं. ते महाराजांपेक्षा थोडंसं मोठं आलं होतं, पण ते चितारणाऱ्या माकडाच्या हातून झालं असं कोल्होबांचं म्हणणं पडलं.

"महाराज," आवडाबाई म्हणाल्या, "शर्यत पुढे ढकला. हरणाला पठारावर पाठवा, टोपल्या उघडू नका म्हणावं. सूर्यावर काळे डाग पडलेत."

माकडाच्या हातातला रंग खाली सांडला.

"कोणावर डाग पडलेत म्हणालात?" कोल्होबांनी हळूच विचारलं.

मुलांनो, एक सांगायचं राहिलं. महाराज सूर्यवंशी होते.

"महाराजांच्या मूळपुरुषावर डाग!" कोल्होबा ओरडले. "तेही वाढदिवसाच्या तोंडावर! कोणी पाहिले?"

"तळ्यावरच्या हंसाने. मीही पाहिले."

"हंस म्हणजे तो बाहेरचा. आमच्या सूर्यावर त्याची नजर का? त्याचा त्याला सूर्य नाही?"

"सूर्य एकच आहे, प्रधानजी."

"हे तुम्ही मला शिकवू नका."

महाराजांनी पंजा वर केला. महाराज मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना दुपारी झोप लागायची आणि दुपार होत आली होती. "आवडाबाई, थोडक्यात सांगा. नक्की काय होणार?"

"सूर्याकडून झोत येईल, महाराज. उत्तर दिशा डळमळेल. पोरांना घरची वाट सापडणार नाही."

"नक्की?"

खोटं बोलणं आवडाबाईंना जमत नव्हतं. दिशाधिकाऱ्याला ते चालतही नाही.

"नक्की नाही सांगता येत. झोत सरळ आला तर काही होणार नाही. उलटा आला तर होईल."

"ऐकलंत?" कोल्होबा दरबाराकडे वळले. "होईल, नाहीतर होणार नाही. हे तर मीही सांगतो! उद्या पाऊस पडेल, नाहीतर पडणार नाही. मला करा दिशाधिकारी!"

दरबार खो खो हसला. अस्वलवैद्यांना बोलावून आवडाबाईंचं डोकं तपासून घेतलं. वैद्यांनी मध चाटत चाटत निदान केलं, की बाईंनी डोक्याला तेल लावून लवकर झोपावं.

हरीण काही गेलं नाही. आवडाबाईंनी स्वतः उडून जायचं मनात आणलं. पण पठार तरण्याताठ्या पंखांनाही लांब पडायचं. त्यांचे पंख आता कातळापासून घरट्यापर्यंतचे उरले होते. त्या रात्रभर फांदीवर बसून स्वतःशी एकच म्हणत राहिल्या. सरळ ये रे बाबा, सरळ ये.

*

तो उलटा आला.

वाढदिवसाच्या सकाळी धुकं इतकं दाट, की कोल्होबांना स्वतःचं चित्र दिसेना. सूर्याचा पत्ता नव्हता. कबुतरांना सूर्य दिसला तर ती त्याच्यावरून वाट काढतात. धुकं असलं की सगळी मदार डोक्यातल्या त्या ओढीवर.

आवडाबाई कातळावर बसल्या. त्यांनी डोळे मिटले. रोज जिथे एक घट्ट ओढ असायची, तिथे सगळं थरथरत होतं. माठ जागेवर होता, पण घर फिरत होतं.

"बोला, कुठे उत्तर?" कोल्होबा म्हणाले.

"ही... नाही, ही. थांबा. जरा इकडे."

गुणाजी ओरडून दोर ओढू लागला. शिळा डावीकडे गेली. मग उजवीकडे आली. मग परत डावीकडे. सिंहासनावर महाराज बसलेले होते. सकाळचा फराळ पोटात होता.

"अहो, आवडाबाई!" महाराज आयाळ धरून ओरडले. "उत्तर एका जागी का राहत नाही?"

"मी सांगितलं होतं, महाराज! ती खरंच हलतेय. मी नाही हलत!"

"थांबवा ती शिळा!" कोल्होबा गरजले. गुणाजीने दोर सोडला आणि तो होता तिथेच उभा राहिला. समोर गवताचा भारा पडला होता. त्याच्याकडे बघत.

"महाराज, पठारावर टोपल्या उघडल्या असतील," आवडाबाई म्हणाल्या. "पोरं धुक्यात आहेत. त्यांना वाट कळत नसेल. निदान नगारा तरी वाजवा! आवाज ऐकून येतील ती."

"नगारा महाराजांच्या स्वागताला वाजतो," कोल्होबा म्हणाले. "आज कबुतरांसाठी वाजवला तर उद्या बेडूक मागतील."

दुपार झाली. कातळावर एकही कबूतर उतरलं नाही. फुलांची परडी तशीच पडून होती. पोरांचे आईबाप झाडांवर गोळा झाले होते. आवडाबाईंना राहून राहून एकच दिसत होतं, शेवंता कुठल्यातरी परक्या डोंगरावर फेऱ्या मारतेय, पंख भरून आलेत आणि खाली उतरावं तर ससाणे आहेत. त्यांना रडूच कोसळलं. भर दरबारात, हुद्द्यावर असताना.

कोल्होबांनी ती संधी साधली.

"महाराज, हे असं चालायचं नाही. ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही त्यांच्याकडे दिशा कशी ठेवायची? दिशाधिकारी कसा हवा? स्थिर! हा गुणाजी बघा. सकाळी दोर सोडला तेव्हापासून ह्याने कानसुद्धा हलवलेला नाही. एकाच बाजूला बघत उभा आहे. ह्याला म्हणतात दिशा! मी सुचवतो, की आवडाबाईंना काढून गुणाजीला दिशाधिकारी करावं."

गुणाजीने मागे वळून पाहिलं. आणखी कोणी गुणाजी उभा आहे का, ते बघायला.

आणि आवडाबाईंचं रडणं एकदम थांबलं. त्यांच्या कानात शेवंताचा आवाज आला. अंड्यात होते तेव्हापासून माझी झोपमोड चाललीय.

"महाराज," त्या म्हणाल्या, "प्रधानजी म्हणतात ते अगदी बरोबर आहे."

कोल्होबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी पुढे बरंच मोठं भाषण तयार ठेवलं होतं.

"माझं डोकं आता राहिलं नाही. गुणाजीरावच योग्य. मी आनंदाने कातळ सोडते. फक्त एक विनंती आहे. एवढ्या मोठ्या पदावर माणूस येतो, त्याचा रीतसर सत्कार व्हायला हवा. आत्ता, ह्याच कातळावर, उंचावर. आणि सत्कारमूर्तींचं भाषण झालंच पाहिजे."

महाराजांना सत्कार म्हटलं की नाही म्हणवत नसे. "होऊन जाऊ द्या," ते म्हणाले.

गुणाजीला कातळावर चढवलं. त्याच्या पाठीवर शाल घातली. नारळ दिला, तो त्याने हुंगून पाहिला. हार आवडाबाईंनी स्वतः चोचीत धरून त्याच्या गळ्यात घातला आणि त्याच्या कानाशी त्या म्हणाल्या, "बोला, गुणाजीराव. मनात आहे ते सगळं बोला. आज तुम्हाला बंद कर म्हणणारा कोणी नाही."

गुणाजीने समोर पाहिलं. सगळं जंगल बसलेलं होतं आणि त्याच्याकडे बघत होतं. असं कधी झालं नव्हतं. त्याला भरून आलं. त्याने मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या, आणि तो ओरडला.

ते मी तुम्हाला करून दाखवणार नाही. शेजारी तक्रार करतात.

पण एवढं सांगतो, की रोज सकाळी एकदाच सुटणारा तो आवाज त्या दिवशी थांबेचना. आयुष्यभर ओढलेल्या शिळा त्यात होत्या. खांद्याला पडलेले घट्टे होते. गवतात निघालेले काटे होते, आणि बंद कर म्हणणाऱ्यांची एकेकाची नावं होती. तो आवाज धुक्यातून दऱ्यांत उतरला आणि डोंगरांवर चढला. महाराजांना उठावंसं वाटत होतं. पण नियम त्यांचाच होता. ते पंज्यांनी कान दाबून बसले.

मग गुणाजी श्वास घ्यायला थांबला. दरबाराने जीव खाऊन टाळ्या वाजवल्या. संपलं, संपलं!

"गुणाजीराव," आवडाबाई म्हणाल्या, "लहानपणाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत."

गुणाजी पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात धुक्यातून फडफड ऐकू आली. एक कबूतर धपकन कातळापाशी पडलं. मग दोन आली. मग पाच-सहा एकदम. पंख मोडकळीला आलेले, चोची उघड्या. झाडांवरून आईबापांनी झडप घातली. कोणी रडत होतं, कोणी पोराला टोचून टोचून विचारत होतं, "कुठे मेला होतास रे?" आयाळीतल्या फुलाची कोणाला आठवण नव्हती.

आवडाबाई एकेकाचं तोंड बघत होत्या. शेवंता नव्हती.

अंधारून आलं. गुणाजीचा घसा बसला. तो खरखरत म्हणाला, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो."

दरबार हुश्श करून उठायला लागला. महाराजांनी एक पाय खाली टाकला.

"थांबा!" आवडाबाई किंचाळल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. काय विचारावं, त्यांना सुचेना. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, तीच त्यांनी विचारली. "गुणाजीराव, तुमच्या आईबद्दल?"

गुणाजीची आई ह्याच शिळेचा दोर ओढायची. ओढता ओढताच एक दिवस खाली बसली, ती उठली नाही. त्या दिवशीही शिळा वेळेवर फिरवली गेली होती. लहानग्या गुणाजीने फिरवली होती. हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्याने मान वर केली. ह्या वेळी आवाज मोठा नव्हता. पण लांब होता, खूप लांब. माकडांनीसुद्धा कानांवरचे हात काढले.

तो संपता संपता धुक्यात एक ठिपका दिसला. शेवंता थेट आवडाबाईंच्या अंगावरच येऊन आदळली. दोघी कातळावरून गडगडत खाली आल्या.

"आई," शेवंता धापा टाकत म्हणाली, "काहीच दिसत नव्हतं गं. डोक्यात सगळ्याच बाजूंना उत्तर होती. मी बसणार होते खाली कुठेतरी. मग गुणाजीकाका ऐकू आले. मला वाटलं, सकाळ झाली. उठायला हवं."

आवडाबाईंनी तिला पंखाखाली घेतलं. किती वेळ, ते मला माहीत नाही. मोजायचं सुचलं नाही कोणाला.

*

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. दवंडीत असं होतं, की नवे दिशाधिकारी गुणाजीराव यांच्या नेमणुकीच्या पहिल्याच दिवशी सगळी कबुतरं सुखरूप परतली. हे सगळं महाराजांच्या दूरदृष्टीमुळे घडलं. सूर्यावर कसलेही डाग नव्हते आणि असलेच तर ते आता धुतले गेले आहेत.

झोत निघून गेला होता. कनात पुन्हा ताठ झाली होती. उत्तर दिशा आपल्या जागी आली होती. फक्त आता ती कोणी विचारत नव्हतं. आता गुणाजी तोंड करील ती उत्तर, आणि गुणाजी गवताच्या भाऱ्याकडे तोंड करायचा. तिकडे शिळा वळवून महाराज बसले. ते तोंड नेमकं दक्षिणेकडे होतं.

"आई, तू सांग ना त्यांना!" शेवंता तणतणली. "तुला माहितीय!"

"महाराज सुखाने बसलेत ना?" आवडाबाई चिंचेच्या फांदीवर ऊन खात म्हणाल्या. "मग बसू देत. तू दाणे खा."

हंस परत निघाला तेव्हा त्यांना भेटून गेला. "ताई, सूर्य पुन्हा शिंकला तर कसं करणार? तुमचं आता ऐकणार कोण?"

"आधी कुठे ऐकत होते?" आवडाबाई म्हणाल्या.

आणि मुलांनो, सूर्य पुन्हा शिंकला. एकदा नाही, अनेकदा. पण त्या जंगलातलं एकही कबूतर पुढे कधी हरवलं नाही. कारण आवडाबाईंच्या डोक्यात जरा थरथर सुरू झाली, की त्या चोचीत हार धरून काळ्या कातळाकडे उडायच्या आणि आदराने म्हणायच्या, "साहेब, आज आपला सत्कार ठेवलाय. दोन शब्द बोलायचेत."

त्या जंगलाइतके सत्कार दुसऱ्या कुठल्याही जंगलात होत नाहीत असं म्हणतात. का होतात, ते तिथे कोणाला माहीत नाही. विचारणाऱ्या सशाला अजूनही तंबी मिळते.

तात्पर्य : ज्याला खरी दिशा कळते, त्याने ती सांगत बसू नये. एखाद्या गाढवाचा सत्कार करावा. पोरं घरी येतात.